मधली पांढरी रेघ

आमच्या गावात एखादं काम घाईत, अर्धवट झालं की म्हातारी माणसं अजून म्हणतात, "त्याच्या मोटंगत झालं." ‘त्याच्या’च्या जागी ती एका माणसाचं नाव घेतात आणि नावाच्या आधी जात. ज्यांनी ती मोट डोळ्यांनी पाहिली असे गावात आता तिघं-चौघंच उरलेत. बोलणं मात्र उरलंय. ज्यांना मोट म्हणजे काय हेही ठाऊक नाही, अशी नातवंडंसुद्धा ते बोलतात. त्या माणसाला मी तात्या म्हणत असे. ती मोट कशानं फाटली हे मला ती फाटली त्याच दिवशी कळलं होतं. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

गाव शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. पलीकडच्या तीरावर दौंड तालुका. कचेरीचं काम निघालं की शिरूर, आमच्या बोलण्यातलं घोडनदी. आगगाडी धरायची तर नावेनं भीमा ओलांडून केडगाव नाहीतर दौंड. नदी उशाला होती, पण तिचं पाणी उचलायची सोय नव्हती. सगळी भिस्त विहिरीवर आणि विहिरीची भिस्त मोटेवर. ज्यांनी मोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कमावलेल्या कातड्याची ती एक भली मोठी पिशवी असे. वर लोखंडी कडं, खाली हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती होत गेलेली नळी. तोंडाला जाड नाडा, सोंडेला बारीक सोल. बैल धावेच्या उतारानं खाली गेले की मोट चाकावरून वर येई, सोंड थारोळ्यावर लोळण घेई आणि दहा-बारा हंडे पाणी एका दमात पाटाला लागे. मग बैल उलट्या पावलांनी वर आणि मोट पुन्हा खाली. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत हेच. तेच कातडं भिजायचं, ताणलं जायचं, दुमडायचं, दुपारी वाळायचं. कापडाच्या कुठल्याही पिशवीनं आठवडाभरात हात टेकले असते.

ही मोट तात्या करत. ओढ्याच्या अंगाला, गावापासून वाऱ्याच्या उलट बाजूला त्यांचं घर आणि घरामागे कुंड्या. घरात कक्कय्यांची तसबीर होती. ढोर कक्कय्या हे बाराव्या शतकातल्या बसवेश्वरांच्या शरणांपैकी एक, हे मला तात्यांनीच सांगितलं. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरातली सगळी माणसं, अगदी माझ्या वयाचे चुलतभाऊदेखील, त्यांना एकेरी हाक मारत. ते मला "धाकलं मालक" म्हणत. त्यांच्या हातचं पाणी आमच्यात चालत नसे. त्यांच्या हातच्या मोटेतून उपसलेलं पाणी मात्र शेताला चालायचं, माठालाही चालायचं.

पानशेत फुटलं ते १९६१ साल. त्या पावसाळ्यात आमची जुनी मोट गेली होती. आजोबांनी तात्यांना म्हशीचं कातडं दिलं आणि दिवाळीनंतर मोट हवी म्हणून बजावलं. मी लपून त्या कुंड्यांकडे जायला लागलो तो याच दिवसांत. वास असह्य असे. घरी परतल्यावर आजी अंगणातच अंगावर पाणी ओतायची. तरी जात होतो, कारण तिथं जे चाललं होतं तसलं काही मी कुठं पाहिलं नव्हतं. सडणार हे ठरलेलं एक कातडं, आणि तो माणूस त्याला सडू देत नव्हता.

आधी चुना. जुन्या, मुरलेल्या चुन्याच्या कुंडीत कातडं काही दिवस पडलं की केस बोटानं ओढले तरी सुटून येत. कातड्याला धक्का लागत नसे. "क्यास जातो, कातडं ऱ्हातं. का, ते मला इचारू नगा," तात्या म्हणाले होते. त्याचं उत्तर मला दहा वर्षांनी मिळालं. केस, शिंग, खूर, नख हे सगळं केराटिन या प्रथिनाचं. त्याच्या साखळ्या गंधकाच्या दोन अणूंनी एकमेकींना टाचलेल्या असतात. मुरलेल्या चुन्यात नेमके हेच टाके उसवतात. कातड्याचा जीव आहे तो कोलॅजेनमध्ये, आणि कोलॅजेनच्या त्या दोऱ्यांत गंधकाचा टाका नसतोच. म्हणून एकाच कुंडीत एक वस्तू विरघळायला लागते आणि दुसरी शाबूत राहते.

मग रापीनं खरवडणं, धुणं, आणि शेवटी साल. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा. तात्या कातड्याचीच एक पिशवी शिवत, झाडाला टांगत आणि तिच्यात सालीचं पाणी भरत. ते पाणी आतून बाहेर थेंब थेंब पाझरे. गळलेलं पुन्हा वर ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची आणि पुन्हा तेच. घाई करायला इथं जागाच नसते. साल कातड्याच्या आत शिरते ती तिच्या चालीनं.

आजोबा कार्तिकात तिथं गेले तेव्हा मी कडुनिंबामागे उभा होतो. गव्हाला पाणी द्यायचं होतं. तात्यांनी कातड्याची कड रापीनं कापली, उन्हाकडे धरली आणि म्हणाले, "मालक, आजून पंधरा रोज ऱ्हाऊ द्या. मधी पांढरं हाय."

आजोबा म्हणाले, "गहू थांबतोय का पंधरा रोज?"

तात्या पुढं बोलले नाहीत. चार दिवसांत मोट शिवून घरी आली.

पौष सरता सरता, जानेवारी १९६२मध्ये, ती मोट भरून विहिरीच्या अर्ध्यावर आली असताना पोटाशी आडवी फाटली. सगळं पाणी खाली कोसळलं. ओझं एकाएकी हलकं झाल्यामुळे बैल धावेवर तोंडावर पडले; एकाचा गुडघा फुटला. माणूस वाचला, पण गव्हाची पाळी चुकली. तात्यांना बोलावणं गेलं. चारचौघांदेखत आजोबा त्यांना जे बोलले ते मी इथं लिहिणार नाही. त्या वर्षीच्या बलुत्यातून चार पायल्या ज्वारी कापली. तात्या फाटलेल्या कडेवर अंगठा फिरवत उभे होते. मी वाकून पाहिलं. कातडं वरून तांबूस, खालून तांबूस, आणि बरोबर मध्ये केसाएवढी पांढरी रेघ.

पंधरा दिवस मागितलेले मी कानांनी ऐकले होते. पांढरी रेघ डोळ्यांनी पाहत होतो. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. तात्यांनीही आजोबांना त्या बोलण्याची आठवण दिली नाही. त्यांना देता येण्यासारखी नव्हती. मला येण्यासारखी होती.

त्या रेघेनंच मला पुढं मद्रासला नेलं असं मी मानतो. १९७१ साली दौंडला मद्रास मेलमध्ये बसलो. चामड्याचं शिकायला निघालोय म्हटल्यावर घरात आठ दिवस कुणी नीट बोललं नव्हतं. अड्यारची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ सालची. वर्षानुवर्षं तिचे संचालक राहिलेले यलवर्ती नायुडम्मा हे आंध्रातल्या शेतकरी घरातले. शेतकऱ्याचा मुलगा कातड्यात आयुष्य घालवतो आणि देश त्याला मान देतो, याचा मला तिथं मोठा आधार वाटला.

संस्थेच्या शेजारीच मद्रास विद्यापीठाचं गिंडीचं आवार. तिथं जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५मध्ये कोलॅजेनची घडण उलगडली होती. त्यासाठी त्यांना कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेची क्ष-किरण चित्रं उपयोगी पडली. मी पोहोचलो तोवर रामचंद्रन मद्रास सोडून गेले होते. पण त्यांची ती तिपेडी वेणी फळ्यावर पहिल्यांदा काढली गेली तेव्हा मी वहीत आमच्या मोटेचा नाडा काढला. गावातले मातंग वाख वळून नाडा करत. एकेक पदर एका अंगाला पिळायचा आणि तिन्ही पदर मिळून उलट्या अंगाला. म्हणजे ताण आला की पीळ सुटत नाही, उलट घट्ट बसतो. कोलॅजेनच्या तीन साखळ्या नेमक्या तशाच आहेत: प्रत्येकीचा पीळ डावा, तिघींचा मिळून उजवा. साखळीत दर तिसरी कडी ग्लायसीनची असते, कारण वेणीच्या आतल्या बाजूला मावेल एवढी लहान दुसरी कडीच नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण मला त्या दिवशी निराळीच ऐकू आली.

पण पीळ टिकतो तो बंधांवर. साखळीच्या अंगात लांबीनं जाणारे बंध सहसंयुज, म्हणजे खरे बळकट. एका साखळीला दुसरीशी धरून ठेवणारे बहुतेक बंध मात्र हायड्रोजन बंध, त्यांच्यापेक्षा दहा-वीस पटींनी दुबळे. एकटा धरला तर शरीराच्या उष्णतेनंही तुटावा असा. मात्र ते संख्येनं अगणित असतात, आणि तुटले तरी परत जुळतात. कच्चं ओलं कातडं पाण्यात घालून तापवलं की साठ-पासष्ट अंशांच्या सुमाराला हे सगळे बंध एकदम हार खातात आणि कातडं डोळ्यांदेखत आकसतं. आणखी उकळलं की त्याचा सरस होतो. पायाचा रस्सा गार झाल्यावर थिजतो तो ह्याच कारणानं. सालीतलं टॅनिन काय करतं? त्याच्या एकेका रेणूला अनेक ठिकाणी हात असावेत तसं ते शेजारच्या दोऱ्यांना हायड्रोजन बंधांनीच धरतं, मधलं पाणी बाजूला सारतं आणि जंतूंना आत शिरायला वाट ठेवत नाही. साल खाल्लेलं कातडं सत्तर ते पंच्याऐंशी अंशांपर्यंत टिकतं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं उकळत्या पाण्यातही टिकतं, कारण तिथले बंध अधिक पक्के.

एका सकाळी प्रयोगशाळेत कातड्याच्या बारीक पट्ट्या आमच्यापुढं ठेवल्या. पट्टी ॲसेटिक आम्लात बुडवायची. जिथं साल पोहोचलेली नाही, तिथं कोलॅजेन पाणी पिऊन फुगतं आणि काचेसारखं पारदर्शक होतं. पाचेक मिनिटं गेली. माझ्या पट्टीच्या मध्यभागी एक फुगीर, चकाकती रेघ उमटली. बाकीच्यांनी निरीक्षण वहीत लिहिलं. मी बराच वेळ बसून राहिलो. तात्यांनी हेच रापीच्या एका कापात आणि उन्हाच्या उजेडात पाहिलं होतं, आम्लाशिवाय.

फाटणं कसं होतं हे मग मला नीट समजलं. विहिरीचं पाणी पांढऱ्या रेघेत शिरलं. तिथं बंध धरायला साल नव्हती. तो भाग रोज फुगायचा, रोज आकसायचा आणि आतल्या आत सडत होता. वरचा-खालचा तांबूस थर तसा राहिला, मधला तसा राहिला नाही. ओझं आलं की दोन्ही थरांनी मिळून ते वाटून घ्यायचं असतं. मधलं नातंच सुटल्यामुळे प्रत्येक थर एकटा पडला. पोटाशी, जिथं ताण सगळ्यांत जास्त, तिथं एक चीर सुरू झाली, आणि चिरेला थांबवायला आत काही उरलं नव्हतं. तीन महिन्यांत मोट गेली. सालीला हवे होते आणखी पंधरा दिवस.

१९७२च्या दुष्काळात मी सुट्टीवर घरी आलो. भीमेत डबकी उरली होती. गावागावांत जनावरं मरत होती, कातड्यांना तोटा नव्हता, आणि तात्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मोटेची गरज तोवर सरत चालली होती. विहिरीवर इंजिनं बसली होती, कुठं विजेचे पंप. मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो. म्हणालो, तात्या, ती मोट तुमच्या चुकीनं फाटली नव्हती. मी त्या दिवशी रेघ पाहिली होती. तुम्ही पंधरा दिवस मागितले तेही ऐकलं होतं.

ते हातोडी खाली ठेवून म्हणाले, "मला ठावं हाय. तुमची नजर तितंच हुती तवा."

म्हणजे दहा वर्षं त्यांना माहीत होतं की मी पाहिलंय आणि गप्प राहिलोय. तरी मोट फाटल्यानंतरच्या उन्हाळ्यातही त्यांनी मला कुंड्यांपाशी येऊ दिलं होतं. सालीचं पाणी जिभेला लावून त्याचा कस ओळखायला शिकवलं होतं. कातडं दुमडून कानाशी नेऊन ऐकायला शिकवलं होतं. मला काय बोलावं सुचेना. त्यांनीच विचारलं, "मद्रासला त्या रेगंला काय म्हंत्यात?" मी इंग्रजी शब्द सांगितला. ते म्हणाले, "आमी कच्चं म्हनतो." आणि हातोडी उचलली. पुढं पाच-सहा वर्षांनी ते गेले. मी तेव्हा कानपूरला नोकरीत होतो. पत्र उशिरा पोहोचलं.

बंध जास्त तितकी बळकटी जास्त, असा माझा एक समज तरुणपणी झाला होता. तो वडिलांनी मोडला. मोटा गेल्या, पाणी आलं, नदीच्या दोन्ही अंगांना ऊस आला, आणि दौंड तालुक्यात गुऱ्हाळांची धुराडी पेटली. काहिलीत रस आटत येतो तसा त्याचा रंग पालटतो. साखर आणि प्रथिनं तापली की एकमेकांना बिलगून तांबडी होतात, हे लुई कामिय मायार यांनी १९१२ साली मांडलं. शरीरात चुलवाण नसतं, पण हीच क्रिया सदतीस अंशांवर, सावकाश, वर्षानुवर्षं चालू राहते. वडिलांना मधुमेह होता. रक्तातली साखर कंडरेच्या कोलॅजेनला जागोजाग चिकटत गेली आणि शेजारच्या दोऱ्यांना भलत्याच ठिकाणी कायमची टाचत गेली. दोऱ्यांनी एकमेकींवरून थोडं सरकायचं असतं. तुटणाऱ्या आणि परत जुळणाऱ्या दुबळ्या बंधांचं मोलच ते आहे, की ओढ लागली तर तेवढ्यापुरतं ते सुटतात आणि मोठं तुटणं टळतं. पक्के टाके पडले की सरकणं थांबतं. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी यवतला आली तेव्हा वडिलांनी हात जोडले, पण तळवे जुळेनात. बोटांच्या टोकांना टोकं लागली, मधे पोकळी राहिली. डॉक्टर म्हणाले, मधुमेहात हे होतं, नमस्कारावरूनच ओळखतात. त्या पोकळ नमस्काराकडे पाहताना माझ्या मनात तात्यांचं एक वाक्य आलं: "साल कमी पडली तर सडतं, आन् जादा झाली तर मोडतं." हे त्यांनी मला कुंडीपाशी सांगितलं होतं आणि मी ते केवळ चामड्याविषयी आहे असं धरून चाललो होतो.

२०१७ साली माझ्या हृदयाची झडप बदलावी लागली. पुण्यातल्या शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी समजावलं की नवी झडप गोवंशाच्या हृदयावरणापासून केलेली असते. मी विचारलं, "कशात कमावलीय?" त्यांना प्रश्न कळायला क्षणभर लागला. मग म्हणाले, "ग्लुटाराल्डिहाइडमध्ये." साठच्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या आलँ कारपॉंतिये यांनी डुकराच्या झडपा या द्रव्यात बुडवून माणसाच्या हृदयात बसवण्याची वाट मोकळी केली. चामड्याच्या कारखान्यांत हे द्रव्य माझ्या रोजच्या हाताखालचं. कोलॅजेनच्या शेजारशेजारच्या दोऱ्यांना ते सहसंयुज बंधांनी टाचतं. न कमावलेलं आवरण शरीरानं परकं म्हणून पोखरलं असतं, जसं विहिरीच्या पाण्यानं कच्चं कातडं पोखरलं. कमावलेलं आवरण दहा-पंधरा वर्षं, नशीब असेल तर जास्त, उघडझाप करत राहतं. दिवसाला लाखभर वेळा. नंतर बहुधा त्यात कॅल्शियम साचतं, ते ताठरतं आणि एखाद्या कडेला चिरतं.

म्हणजे माझ्या छातीत आज एक लहानशी मोट आहे. भरते, रिती होते, भिजलेली राहते, दुमडते. ती कुणी केली त्या कारागिरांना मी ओळखत नाही. पण आपण सडणारी वस्तू टिकवू शकतो, तिच्या आत बंध घालू शकतो, आणि त्याला वेळ द्यावा लागतो, हे मला ज्यांनी पहिल्यांदा दाखवलं त्यांना ओळखतो. शस्त्रक्रियेतून उठल्यावर मी तात्यांच्या मुलाला फोन केला. तो शिरूरला राहतो, रांजणगावच्या एका कारखान्यातून निवृत्त झालाय. सगळं सांगितलं, मोटेचंही. तो म्हणाला, "दादा, बापानं कधी सांगितलं न्हाई आमाला ह्ये. आमी पन समजत हुतो की त्याचीच चूक."

त्याच्या या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसलो. चार पायल्या ज्वारी मी त्याला परत करू शकतो. त्यानं नको म्हटली, तरी कधीतरी करीनच. पण आपल्याच बापाविषयी इतकी वर्षं मनात ठेवलेला तो समज मी परत घेऊ शकत नाही, फक्त खोटा ठरवू शकतो. म्हणून गावातल्या माणसांना सांगतो. मोट तात्यांनी कच्ची काढली नव्हती. आमच्या आजोबांनी ती कच्ची उचलून आणली होती, आणि मी ते पाहूनही बोललो नव्हतो. यापुढं ते बोलणं कुणाच्या तोंडी आलंच, तर त्यात नाव आमच्या घराचं घ्या.